शालनचा कडू घास

उद्या शालनचं वर्षश्राद्ध, आणि नानासो भाषण करणार आहे.

सांगलीच्या एका संस्थेनं आमच्या गावात पाण्याची टाकी बांधून दिली. तिच्यावर शालनचं नाव रंगवलं, आणि वर्षश्राद्धाचा मुहूर्त साधून तिचं उद्घाटन ठेवलं. नानासो म्हणजे आमच्या भावकीतला थोरला, सोसायटीचा चेअरमन, घर आमच्या भिंतीला भिंत लावून. तो फेटा बांधून टाकीखाली उभा राहणार आणि म्हणणार, ‘कैलासवासी शालनताई म्हणजे त्यागाची मूर्ती.’ मलाही स्टेजवर खुर्ची ठेवली आहे. ती रिकामी राहील. त्याच्या शेजारी बसून मान डोलवण्यापेक्षा मी इथं घरात बसून हे लिहिते.

म्हणे मूर्ती! मूर्ती गप्प बसते. शालन झोपेतही गप्प बसत नव्हती. भांडकुदळ होती, मिश्री लावायची, एसटीच्या कंडक्टरला शिव्या घालायची, आणि नवरा गेल्यावरही त्याचं मोठं पुरुषी घड्याळ मनगटात घालून फिरायची. तिचा मला राग यायचा आणि तिच्यावाचून करमायचं नाही. मेल्यावर माणसाला धुऊन-पुसून गुळगुळीत करायची जी रीत आहे ना, तिचा मला मनापासून तिटकारा आहे.

शालन माझी भावजय. धाकट्या भावाची, आकारामची बायको. माझं सासर कोरेगावला, नवरा फौजेतून रिटायर झालेला, आणि मी बाजारपेठेत शिलाईचं दुकान चालवते. माहेर आटपाडीपासून थोडं आत. नणंद-भावजयीचं सख्य म्हणजे विळ्या-भोपळ्याचं, आणि आम्ही ते इमानानं पाळलं. तिला भाकरी करता येत नव्हती. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पापड, कडा करपलेल्या. “गं बाई, ही भाकरी हाय का नकाशा?” असं मी म्हणायची. ती म्हणायची, “वन्सं, नकाशा बघून खावा, म्हंजी वाट चुकायची न्हाई.”

आकाराम गलाईच्या कामाला कानपूरला असायचा. आमच्या कोरडवाहू भागातली निम्मी तरणी पोरं सोनं-चांदी गाळायच्या या धंद्यात देशभर पांगलेली असतात. भट्टीपुढं राबायचं आणि जत्रेला, दिवाळीला घरी यायचं. आकाराम आला की नवी बॅग, नवा रेडिओ, आणि बायकोपेक्षा मित्रांना जास्त वेळ. मुलगी झाली तेव्हा तिचं नावसुद्धा त्यानं तिकडूनच ठरवून आणलं, प्रियदर्शनी. आमच्या आईला, रंगूबाईला, ते अजूनही म्हणता येत नाही.

माझा भाऊ देवमाणूस होता असं म्हणायला मी तयार नाही. तो घरी रोग घेऊन आला आणि बायकोला देऊन गेला. त्याला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण शालनला विचारलंय कुणी, तिचा काय गुन्हा? चौऱ्याण्णव साली तो कायमचा परत आला तेव्हा अंगावरचा शर्ट हँगरला लटकवल्यासारखा दिसत होता. तालुक्याच्या डॉक्टरनं रक्त तपासायला सांगलीला पाठवलं, आणि निकाल दारात उभं राहून लांबूनच सांगितला. आमची बैलगाडी घरी पोचायच्या आत त्या डॉक्टरच्या कंपाउंडरनं तो गावात पोचवला होता.

त्या पावसाळ्यात आकाराम गेला. खांदा द्यायला माझा नवरा, शालनचा भाऊ आणि भट्टीवरचे दोन सोबती. भावकी पारावर बसून बघत होती, तमाशाचा फड बघावा तशी.

खरी गोष्ट त्या संध्याकाळी घडली. आमच्याकडे मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही. भावकीतून नाहीतर शेजारातून कुणीतरी पिठलं-भाकरी करून आणतं, घरातल्या माणसांपाशी बसतं, आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या तोंडात घास घालतं. हाच कडू घास. घरच्यांनी आपला आपण घ्यायचा नाही, मागून आणायचा नाही, दुसऱ्यानं आपणहून येऊन भरवायचा. बांधावरून कोर्टात दावे चालू असलेली माणसंही त्या दिवशी भाकरी घेऊन येतात. दुसऱ्या दिवशी परत दावा.

आमच्या दारात कुणी आलं नाही.

आई उंबऱ्याशी बसून होती. दिवेलागण झाली. नानासोच्या घरातून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, वास येत होता. प्रत्येक वेळी कडी वाजली की आई पदर सावरायची. पाच वर्षांची प्रियदर्शनी विचारून विचारून झोपली. सकाळ झाली, ऊन चढलं, तरी कुणी नाही. तेव्हा शालन उठली, चुलीपुढं बसली आणि तिनं काडी ओढली.

आई किंचाळली, “आगं भवाने, चितेची राख निवली न्हाई आजून!”

“आवं आत्याबाई, सुतक मेल्याचं असतंय. ही पोरगी जिती हाय.”

तिनं तिच्या त्या वेड्यावाकड्या भाकऱ्या थापल्या आणि आम्हाला सगळ्यांना स्वतः भरवलं. आईनं तोंड फिरवून घेतलं, पण गिळलं. आणि मग गावाची जीभ सुटली. जे भाकरी घेऊन आले नाहीत तेच सांगत सुटले, नवरा जळत होता आन् हिनं चूल पेटवली. नानासोची बायको तर नळावर बोटं मोडून सांगायची. स्वतः द्यायचं नाही आणि दुसऱ्यानं खाल्लं की त्याची उणीदुणी काढायची, या जातीच्या माणसांना काय म्हणतात ते मला लिहिता येईल, पण छापता येणार नाही.

पुढं शालनचीही तपासणी झाली. तिला होता. पोरीला नव्हता. सांगलीच्या संस्थेत स्वानंदी नावाची एक मुलगी काम करायची, शहरातली, चांगल्या घरची, मनानं सोन्यासारखी. ती गावोगाव जाऊन चावडीत पडद्यावर चित्रं दाखवायची आणि रोगाची माहिती द्यायची. चित्रं बघायला पोरं यायची, मोठी माणसं उठून जायची. शालन तिच्याबरोबर हिंडू लागली. पडद्याच्या बाजूला उभी राहून सरळ सांगायची, “मला हाय. बगा, शिंगं फुटल्यात का?” लोक आणखी लांब सरकायचे.

मग शेजारच्या गावात असाच एक गलाईवाला गेला. शालननं रात्री दळलेलं पीठ सकाळी मळलं, पाटीत भाकऱ्या घेतल्या, वर फडकं टाकलं आणि चालत गेली. नंतर मला भेटली तेव्हा मी विचारलं, “काय भाषण ठोकलंस?”

“भाषण कसलं, वन्सं? घास घातला. घासाला त्वांड उघडलं की मग बोलायलाबी उघडतंय.”

तिचं काम ते हेच. दार लावून बसलेल्या घरात भाकरी घेऊन शिरायचं, म्हातारीला भरवायचं, विधवेला भरवायचं, आणि त्यांच्याच ताटात आपण जेवायचं. जेवता जेवता सांगायचं, तू तपासून घे, पोराला घेऊन ये, भांडी वेगळी ठेवायची गरज नाही, शाळेतून काढलं तर मला बोलवा. आणि बोलवलं तर जायची. एका शाळेत प्रियदर्शनीएवढ्या मुलाला व्हरांड्यात पोत्यावर बसवत होते. ही जाऊन त्याच्या शेजारी पोत्यावर बसली आणि शाळा सुटेपर्यंत मोठ्यानं पाढे म्हणत राहिली. गुरुजींना वर्ग चालवता येईना. मुलगा आत गेला.

पण लोक वाईट म्हणजे किती वाईट असतात, बघा. वर्ष-दोन वर्षांत सगळ्यांना कळलं की शालनची पाटी कुठल्या घरी जाते. मग पाटी दारात आली की शेजारीपाजारी समजून जायचे. ज्यांच्यासाठी ती मरत होती त्यांनाच ती नकोशी झाली.

शहाण्णव साली ती माझ्याकडे कोरेगावला राहायला आली होती. तेवढ्यात जवळच्याच गावातल्या भाऊसो हवालदाराचा मुलगा गेल्याचं कळलं. भाऊसो माझ्या नवऱ्याच्या पलटणीतला, उसाची चांगली बागायत, मिशांना पीळ. मुलगा सयाजी शिरवळला कारखान्यात नोकरीला होता. सयाजी कशानं गेला ते सगळा तालुका कुजबुजत होता. शालननं माझ्या चुलीवर भाकऱ्या केल्या. मी म्हटलं, मी करून देते, जरा बऱ्या होतील. ऐकेल तर शपथ.

आम्ही दोघी गेलो. भाऊसो दारात आला. पाटी बघितली, तिला बघितलं, आणि चेहरा विटेसारखा झाला.

“कुनी बोलवलं तुला? आमच्या पोराला कावीळ झालती. कावीळ! समजलं?”

“कावीळ तर कावीळ, दादा. कावीळवाल्याच्या घरच्यालाबी भूक लागती.”

“निघ! जाव यहाँ से!” रागाच्या भरात फौजेतलं हिंदी बाहेर आलं. त्यानं दार लावलं, वरून अडसर घातल्याचा आवाज आला. आत त्याची बायको हुंदके देत होती. गल्लीतली माणसं आम्हाला बघत होती आणि त्यांना जे हवं होतं ते कळलं होतं.

परतताना शालनच्या डोक्यावर पाटी तशीच भरलेली होती. मी हवालदाराला मनसोक्त शिव्या दिल्या. ती म्हणाली, “त्याचं चुकलं न्हाई, वन्सं. माजी पाटी म्हंजी दवंडी झालीया.” आणि जरा वेळानं, “आता काय करायचं ते मला कळलं.”

तिनं काय केलं, तर गावात कुणीही मरो, कशानंही मरो, म्हातारपणानं, सर्पदंशानं, विहिरीत पडून, तिची पाटी त्या दारात जाऊ लागली. सगळ्याच दारांत गेली तर कुणाचंच दार ओळखू येणार नाही, असा तिचा हिशेब. बऱ्याच जणांनी बाहेरूनच वाटेला लावलं. काहींनी पाटी ठेवून घेतली आणि मागल्या दारी टाकली. दोन-चार गरिबांच्या घरांत मात्र तिच्या हातचा घास गेला.

मग नानासोची आई वारली, नव्वदीची, पिकलं पान. शालन पाटी घेऊन गेली. मी तेव्हा माहेरी होते, भिंतीपलीकडून सगळं बघितलं. नानासोनं पाटी घेतली, फडकं काढलं, आणि एकेक भाकरी अंगणातल्या कुत्र्यापुढं टाकली. भावकीतली पन्नास माणसं बसली होती. कुणी त्याचा हात धरला नाही. कुणी तर हसलं.

शालन कुत्र्याचं खाणं होईपर्यंत उभी राहिली. मग रिकामी पाटी उचलून म्हणाली, “वन्सं म्हणत्यात माजी भाकरी कुत्रंबी खायचं न्हाई. आता सांगते त्यांना.” घरी आल्यावर मात्र ती ढसाढसा रडली. उद्या टाकीखाली ज्याला ‘त्यागाची मूर्ती’ म्हणायचं आहे, त्यानं हे भाषणात घालावं.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात ती अंथरुणाला खिळली. सांगलीला दवाखान्यात ठेवली होती. मी जाऊन बसायची. एके दुपारी तिनं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, प्रियदर्शनीसाठी, आणि म्हणाली, “वन्सं, एकच घोर हाय. माज्या येळंला आत्याबाईला घास कोन घालंल?”

“मी घालीन की.”

“तुमी घरच्या. घरच्यानं घातल्याला चालत न्हाई. आन् ती म्हातारी हट्टाची लय. मागच्या बारीला मी चूल पेटवली ती तिनं आजून माफ केली न्हाई. पुन्यांदा पेटवू द्यायची न्हाई. उपाशी मरंल.”

मी म्हटलं, एवढ्या घरांत तू घास घातलास, त्यांतला एक तरी येईल. ती छताकडं बघत म्हणाली, “कसा यील? माज्या दारात भाकरी घेऊन येनं म्हंजी आपल्या घरात काय झालतं ते गावाला सांगनं. मीच त्यांना म्हनलं व्हतं, तुमचं नाव फुटू देनार न्हाई.” स्वतःच्या मरणापेक्षा तिला सासूच्या जेवणाची पडली होती, आणि मला त्या क्षणी अख्ख्या जिल्ह्याचा राग आला.

ती गेल्याचा फोन रात्री आला, नवऱ्याच्या पलटणीतल्या लोकांतही बातमी पोचली, आणि सकाळी मी पहिली एसटी पकडली. नवरा आधीच सांगलीला होता, तो संस्थेच्या जीपमधून प्रेताबरोबर येणार होता. गाडीत मागच्या बाकावर भाऊसो हवालदार बसला होता. मांडीवर फडक्यात बांधलेलं गाठोडं. माझी नजर गेली तसा तो खिडकीबाहेर बघू लागला. मीही ओळख दिली नाही. अडसराचा आवाज माझ्या कानातून गेला नव्हता.

दहन झालं. अग्नी तिच्या भावानं दिला. या वेळी पारावरची माणसं स्मशानात आली होती, कारण सांगलीहून वर्तमानपत्राचा माणूस आला होता. स्वानंदी रडत रडत जीपमधून परत गेली. तिला आमची रीत ठाऊक नव्हती आणि मी सांगितली नाही, कारण सांगून घेतलेला घास तो घास नव्हे.

घरी आलो. आई उंबऱ्याशी जाऊन बसली, चार वर्षांपूर्वी बसली होती तिथंच. शेजारी प्रियदर्शनी.

थोड्या वेळानं नानासोचा गडी गुंडा झाकलेलं ताट घेऊन आला. नानासो स्वतः नाही, गडी. वर्तमानपत्रवाला अजून पारावर चहा पीत होता, त्याला दिसेल असं ताट आलं. आईनं झाकण उचलूनही बघितलं नाही. “गुंडा, तुज्या मालकानं माज्या सुनंची भाकरी जितं घातली तितंच ही घाल जा.”

गुंडा खाली मान घालून गेला. मी म्हटलं, “आई, पोरीला तरी खाऊ दे.” आई म्हणाली, “बायडे, तू गप बस.” मला ती बायडाच म्हणते.

दिवेलागणीला आई पाणी सांडायला दाराबाहेर गेली आणि थबकली. पायरीच्या दगडावर फडक्यात बांधलेलं गाठोडं होतं. रस्त्यापलीकडं लिंबाखाली भाऊसो उभा होता, जणू एसटीची वाट बघत. आईनं फडकं उचकटून बघितलं. भाकऱ्या जाड, पलटणीतल्या रोट्यांसारख्या, आणि डब्यात पिठलं.

“कुनाची हाय ही भाकरी?” माझ्या आईचा आवाज पारापर्यंत गेला. “देवाला निवद ठेवल्यागत ठेवून कोन पळालंय? म्होरं यं!”

पारावरचं बोलणं थांबलं. नानासो ओसरीवर आला. भाऊसो लिंबाखालून दोन पावलं पुढं आला.

“माजी हाय, आई.”

“मग भरवायला हात मोडलं व्हय रं? कोन तू?”

“भाऊसो. कोरेगावकडला. मीच केल्यात, रानातल्या खोपटात. घरात सांगितलं न्हाई.”

“माज्या सुनंची तुजी काय वळख?”

मी दारातून बघत होते. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या आणि पीळ गेला होता. मग म्हणाला, “तिनं माज्या दारात भाकरी आनली व्हती. सयाजी गेला तवा. मी दार लावलं.”

“सयाजी कोन?”

“माजा पोरगा.”

“कशानं गेला?”

भाऊसोनं पाराकडं बघितलं. तिथं आमचं सगळं गाव होतं, त्याच्या ओळखीचे दोन उसाचे मुकादम होते, वर्तमानपत्रवाला होता. तोंडातून “काव...” एवढं निघालं आणि थांबलं. आई वाट बघत उभी होती. ती तशी दुष्टच आहे, सोडणार नव्हती.

मग त्यानं पाय जुळवले आणि परेडवर ओरडतात तसा मोठ्यानं म्हणाला, “तुमच्या शालनला झालता त्याच रोगानं गेला. एड्सनं गेला माजा सयाजी.”

आई मागं सरली, त्याला आत घेतलं, पाट दिला. तो बसला. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला, आणि घास तोंडापाशी नेईपर्यंत निम्मं पिठलं आईच्या लुगड्यावर सांडलं. आईनं तोंड उघडलं. मग त्यानं प्रियदर्शनीला भरवलं. मग मला. मी त्याचा घास घेतला आणि मला रडू आवरलं नाही.

आई बराच वेळ चावत राहिली.

“मीठ लय पडलंय रं,” ती म्हणाली, आणि परत तोंड उघडलं.